डिस्नेच्या घरातलं भांडण आणि निर्णयाचा हक्क

मीडियातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीत "तुमची स्ट्रॅटेजी काय" असं विचारलं की लोक लगेच पीपीटी उघडतात, आणि "तुमच्यात कोणाचं कोणाशी पटत नाही" असं विचारलं की आधी उठून केबिनचं दार लावतात. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे, मुंबईत, टीव्हीच्या बाजूला, आणि मला आता मनापासून वाटतं की दार लावून जे बोललं जातं तिथेच खरी स्ट्रॅटेजी असते. कारण स्ट्रॅटेजी कितीही छान लिहा, ती राबवणारी माणसं आपसात भांडत असतील तर ती कागदावरच राहते. आणि भांडण मिटवायचं म्हणजे काय, तर बहुतेक ठिकाणी ऑफसाइट ठेवतात, लोणावळ्याला दोन दिवस, टीम बिल्डिंगचे खेळ, रात्री जेवण, आणि सोमवारी परत ये रे माझ्या मागल्या.

मला यावर लिहायचंय ते डिस्नेच्या निमित्ताने, कारण एवढ्या मोठ्या कंपनीतलं एवढं जाहीर भांडण आणि त्यानंतर इतक्या कमी वेळात त्याचा झालेला निचरा, दोन्ही इतकं स्पष्ट दिसणारं उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

गोष्ट तशी १९८४ पासूनची. वॉल्ट डिस्नेला जाऊन तोवर सतरा-अठरा वर्षं झालेली, कंपनी सुस्तावलेली, बाहेरचे लोक ती गिळायला टपलेले. वॉल्टचा पुतण्या रॉय ई. डिस्ने, म्हणजे वॉल्टचा भाऊ आणि भागीदार रॉय याचा मुलगा, त्याने आणि त्याचा वकील-सल्लागार स्टॅन्ली गोल्डने जोर लावून मायकल आयझनर आणि फ्रँक वेल्स या जोडीला कंपनीत आणलं. म्हणजे आयझनरला आणणारा माणूस रॉयच, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. आयझनर कल्पनांचा माणूस, वेल्स माणसांचा. पहिली दहा वर्षं सोन्याची गेली. अ‍ॅनिमेशन परत उभं राहिलं, थीम पार्क वाढले, शेअर कुठल्या कुठे गेला.

आणि मग ३ एप्रिल १९९४ ला, ईस्टरच्या रविवारी, नेवाडात स्कीइंगहून परतताना हेलिकॉप्टर कोसळून फ्रँक वेल्स गेला.

त्या दिवसानंतर ती कंपनी बदलली असं मला वाचताना दर वेळी वाटतं. वेल्सचं काम काय होतं हे तो असताना कोणाला नीट सांगता आलं नसतं, कारण ते काम म्हणजे मधे उभं राहणं. आयझनर चिडला की त्याला शांत करायचं, स्टुडिओवाला कात्झेनबर्ग रुसला की त्याची समजूत काढायची, रॉयला अधूनमधून फोन करायचा. असा माणूस प्रत्येक चालणाऱ्या ऑफिसात एक तरी असतो आणि त्याच्या अप्रेझलमधे यातलं काहीही लिहिलेलं नसतं. वेल्स गेल्यावर कात्झेनबर्गला त्याची जागा हवी होती, ती मिळाली नाही, तो त्याच वर्षी बाहेर पडला आणि स्पीलबर्ग-गेफेनबरोबर ड्रीमवर्क्स हा स्टुडिओ काढून थेट समोर उभा राहिला, वर बोनसच्या पैशांवरून कोर्टात गेला तो वेगळाच. १९९५ मधे मायकल ओव्हिट्झला नंबर दोन म्हणून आणलं, तर तो सव्वा वर्षातच बाहेर पडला, जाताना दहा-वीस नाही, शंभर मिलियन डॉलरच्या वर घेऊन, आणि त्यावरूनही शेअरहोल्डर कोर्टात गेले, ती केस २००६ पर्यंत चालली.

पण ही झाली वरच्या माणसांची भांडणं, पेपरात छापून येणारी. माझ्या मते जास्त नुकसान केलं ते एका खात्याने, ज्याचं नाव बाहेर फारसं कोणाला माहीत नव्हतं. स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग. चांगल्या चांगल्या बिझनेस स्कूलमधून आलेली साधारण ६५ हुशार माणसं हेडऑफिसात बसलेली, आणि कंपनीतल्या कुठल्याही विभागाला काही करायचं असेल, पार्कच्या तिकिटाचा दर बदलायचा असो, एबीसी या डिस्नेच्या टीव्ही नेटवर्कला काही नवीन करायचं असो, स्टोअरमधलं काही असो, सगळं यांच्या चाळणीतून जायचं. ते आकडेमोड करायचे, आणि बहुतेक वेळा त्यांचा शब्द शेवटचा. आता ती माणसं वाईट होती असं अजिबात नाही, आणि १९८० च्या दशकात जेव्हा कंपनीला शिस्त हवी होती तेव्हा त्या खात्याचा उपयोगही झाला. पण वीस वर्षांनी काय झालं, की पार्क चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या पार्कचा निर्णय घेता येईना आणि ज्यांनी निर्णय घेतला त्यांना पार्कात उभं राहून ग्राहकाची बोलणी खावी लागेनात.

हे मला इतकं ओळखीचं वाटतं. आमच्याकडे, नाव घेत नाही, एका चॅनलमधे मी होते तेव्हा दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्ही रेटिंगचे, आकडे यायचे. गुरुवारी सकाळी कॉन्फरन्स रूममधे प्रोग्रॅमिंगवाले, मार्केटिंगवाले, अ‍ॅड सेल्स, डिजिटल, सगळे, टेबलावर एफपीसी (कार्यक्रमांचं वेळापत्रक) पसरलेली, प्रत्येकाच्या फोनवर तोच तक्ता आणि प्रत्येकाचं बोट वेगळ्या ओळीवर. त्या काळात एक मोठा वाद होता की मालिकेचा एपिसोड अ‍ॅपवर टीव्हीच्या आधी टाकायचा की नंतर. डिजिटलच्या माणसाच्या केआरएमधे, म्हणजे वर्षाच्या टार्गेटमधे, अ‍ॅपचे प्रेक्षक, त्यामुळे त्याला एपिसोड सकाळीच हवा. प्रोग्रॅमिंगच्या केआरएमधे रात्री आठचं रेटिंग, तिला तो आठच्या आधी कुठेही नको. सेल्सवाल्याने आठच्या स्लॉटचे दर आधीच विकलेले, त्याला रेटिंग पडलं की क्लायंटला फुकटात जाहिरातीचे स्पॉट द्यावे लागायचे. तिघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर होते! मला हे त्या वेळी कळायचं नाही, मला वाटायचं यातला कोणीतरी एक हेकट आहे. हेकट कोणीच नव्हतं, तिघांना तीन वेगळी कामं लावून दिली होती जी एकमेकांच्या उलट जात होती, आणि लावून देणारा त्या खोलीत बसलेलाच नसायचा.

आणि याचं बिल कोणाकडे जायचं, तर लेखकाकडे. फिल्मसिटीत शूट चालू, आणि लेखकाला एकाच दिवसात तीन फोन, एक म्हणतो नायिकेचा ट्रॅक ताणा, रेटिंग आहे, दुसरा म्हणतो आजच हुक पॉइंट द्या, अ‍ॅपला क्लिप हवी, तिसरा म्हणतो त्या ब्रँडचा सीन या आठवड्यात बसवायचाच. मग सोमवारी रागावून माहेरी गेलेली नायिका बुधवारी कुठलंही कारण न देता परत आलेली दिसते आणि घरी बघणाऱ्या बायका म्हणतात, काय वाट्टेल ते दाखवतात हे. त्यांना दिसत असतं ते आमचं भांडण. मीडिया कंपनीतलं भांडण कधीच आत राहत नाही, ते पडद्यावर येतंच, आणि म्हणून साबणाच्या किंवा सिमेंटच्या कंपनीपेक्षा आमच्याकडे ते जास्त महागात पडतं असं मला वाटतं.

डिस्नेतही पडद्यावरच आलं. २००० नंतर डिस्नेच्या स्वतःच्या अ‍ॅनिमेशनचे सिनेमे एकामागून एक पडत होते, आणि चालत होते ते पिक्सारचे, ज्यात डिस्ने पैसे घालत होती आणि जे वितरित करत होती, पण स्वतः बनवत नव्हती. पिक्सार म्हणजे स्टीव्ह जॉब्जची कंपनी, कॅलिफोर्नियातच पण वर एमरीव्हिलला. करार १९९१ चा, पहिला सिनेमा 'टॉय स्टोरी' १९९५ चा. आयझनर आणि जॉब्ज यांचं पार बिनसलं होतं. जानेवारी २००४ मधे जॉब्जने बोलणी तोडली असं जाहीर करून टाकलं. यावर डिस्नेने काय केलं, तर पिक्सारच्या सिनेमांचे पुढचे भाग पिक्सारशिवाय बनवायला एक वेगळा स्टुडिओ उघडला, कारण कराराप्रमाणे त्या पात्रांवर हक्क डिस्नेचा होता. कायद्याने बरोबर. पण ज्या माणसांनी ती पात्रं जन्माला घातली त्यांना तेव्हा काय वाटलं असेल याचा विचार करून मला आजही कसंतरी होतं.

त्याच सुमाराला घरातलं भांडणही चव्हाट्यावर आलेलं. रॉय आता ७३ वर्षांचा, आणि बोर्डावर वयाची मर्यादा ७२. त्याला सांगण्यात आलं की पुढच्या वेळी तुमचं नाव नसेल. नियम नियम म्हणून ठीक, पण रॉयला ते कसं लागलं असेल बघा, ज्या माणसाला आपण आणलं तोच आपल्याला वयाचा नियम दाखवून बाहेर काढतोय. ३० नोव्हेंबर २००३ ला त्याने स्वतःच राजीनामा दिला आणि पत्रात आयझनरला सरळ लिहिलं की जायला मी नाही, तू हवास. दुसऱ्या दिवशी गोल्डनेही सोडलं. मग दोघांनी 'सेव्ह डिस्ने' नावाची मोहीमच काढली. आपल्याकडे भाऊबंदकीत होतं तसंच, वाटणीपेक्षा मानाचा प्रश्न मोठा झाला. फेब्रुवारी २००४ मधे कॉमकास्ट या केबल कंपनीने ही फट बघून कंपनी विकत घ्यायला ५४ अब्ज डॉलरची बोली लावली. आणि ३ मार्चला फिलाडेल्फियात वार्षिक सभेत ४३ टक्के मतं आयझनरला नाकारणारी पडली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या चेअरमनला! त्याच रात्री त्याचं चेअरमनपद गेलं, सीईओपद राहिलं. कॉमकास्टने एप्रिलमधे बोली मागे घेतली.

आता बॉब आयगर. हा माणूस १९७४ मधे एबीसीत अगदी खालच्या नोकरीला लागलेला, डिस्नेने एबीसी घेतली तेव्हा सामानाबरोबर आलेला, २००० पासून आयझनरच्या हाताखाली नंबर दोन. त्यामुळे सगळ्यांचं म्हणणं, हा आयझनरचाच माणूस, याला नेमून काय बदलणार? रॉय आणि गोल्ड तर कोर्टात गेले, की सीईओची निवड हा देखावा होता, नाव आधीच ठरलेलं होतं. मार्च २००५ मधे आयगरचं नाव जाहीर झालं, सूत्रं हातात यायची होती १ ऑक्टोबरला. म्हणजे हातात साधारण सहा महिने, पूर्ण अधिकार नाहीत, डोक्यावर खटला, आणि सगळ्यात मोठा भागीदार पिक्सार रुसलेला.

त्याने त्या सहा महिन्यांत जे केलं ते मला वाटतं मीडिया मॅनेजमेंटच्या वर्गात मुलांना सावकाश, बारकाईने शिकवायला हवं.

एक म्हणजे त्याने नाव जाहीर झाल्या झाल्या स्ट्रॅटेजिक प्लॅनिंगला हात घातला. सीईओ व्हायच्याही आधी. खातं अगदी छोटं केलं, त्याच्या प्रमुखाला बाजूला केलं, आणि विभागांच्या प्रमुखांना सांगितलं की आता तुमचे निर्णय तुम्ही घ्या. कोणालाही मिठी मारली नाही, कुठलं भाषण केलं नाही. फक्त निर्णय जिथे घेतला जायचा ती जागा बदलली. आणि लोक सांगतात की त्यानेच कंपनीतलं वातावरण बदललं, कारण इतकी वर्षं पार्कवाले, स्टुडिओवाले, टीव्हीवाले एकमेकांवर चिडायचे तेव्हा त्यातला निम्मा राग खरं तर या मधल्या खात्यावरचा होता, तो काढायला जागा नव्हती म्हणून शेजाऱ्यावर निघायचा.

दुसरं रॉयचं. इथे मला थोडं थांबायचंय. खटला लढवता आला असता, कदाचित जिंकलाही असता. आयगर त्याऐवजी त्याच्याशी बोलायला गेला. आयगरने नंतर स्वतः लिहिलंय त्यातून कळतं की रॉयच्या बोलण्यात पैशाचा मुद्दाच नव्हता. त्याचं दुखणं हे होतं की या कंपनीत माझा कोणी मान ठेवला नाही, आधी काकाच्या वेळीही नाही आणि नंतर आयझनरच्या वेळीही नाही. जुलै २००५ मधे तडजोड झाली. रॉयला मानद संचालक म्हणजे डायरेक्टर इमेरिटस केलं, सल्लागार म्हणून ठेवलं, स्टुडिओच्या आवारात बसायला ऑफिस दिलं, प्रीमियरला आणि उद्घाटनांना बोलावणं सुरू झालं. खटला मागे. मोहीम बंद. दीड-दोन वर्षं ज्या भांडणाने कंपनीचं नाव रोज पेपरात येत होतं ते मिटवायला लागला एक हुद्दा आणि एक खोली. मला यात त्या म्हाताऱ्याबद्दल फार वाईट वाटतं, की एवढंच तर हवं होतं त्याला, आणि एवढ्यासाठी त्याला केवढं रान उठवावं लागलं.

अनेक जण म्हणतील की हा गोडबोलेपणा झाला, शत्रूला खुर्ची देऊन गप्प बसवलं. मला ते पटत नाही. गप्प बसवायचं असतं तर पैसे देऊन बसवता आलं असतं. रॉय अ‍ॅनिमेशनबद्दल जे ओरडत होता, की आपला आत्मा तिथे आहे आणि तिथेच आपण मेलोय, ते आयगरने खरं मानलं आणि पुढच्या काही महिन्यांत कंपनीचा सगळ्यात मोठा निर्णय त्याच मुद्द्यावर घेतला. भांडणाऱ्याला मान देणं आणि त्याच्या भांडणातलं खरं उचलणं, दोन्ही केलं. नुसता मान दिला असता तर रॉय परत पेटला असता.

सप्टेंबर २००५ मधे हाँगकाँग डिस्नेलँडचं उद्घाटन होतं. परेड चालू होती, एकामागून एक चित्ररथ जात होते, आणि आयगरच्या लक्षात आलं की यातली जुनी पात्रं आपली, पण गेल्या दहा वर्षांतलं प्रत्येक पात्र पिक्सारचं. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा त्याला हे दिसलं. परत येऊन त्याने लहान मुलांच्या आयांमधे सर्व्हे करून घेतला, तर त्यांच्या मनात पिक्सारचं नाव डिस्नेच्या वर होतं. हे घेऊन तो आपल्या बोर्डापुढे गेला आणि म्हणाला अ‍ॅनिमेशन सावरायचा सगळ्यात चांगला मार्ग पिक्सार विकत घेणं आहे. लक्षात घ्या, तोवर ज्या माणसाशी आपली कंपनी जाहीरपणे भांडत होती त्याच्याकडे हात जोडून जायचं होतं.

पण हे एकदम नाही झालं, त्याआधी एक छोटी पायरी होती. ऑक्टोबरमधे अ‍ॅपलने व्हिडिओ दाखवणारा आयपॉड आणला आणि स्टेजवर जॉब्जच्या शेजारी आयगर उभा होता, एबीसीच्या मालिका १.९९ डॉलरला डाउनलोड करायला देतोय असं सांगत. बाकी सगळे स्टुडिओ घाबरून बसलेले असताना. जॉब्जला त्यातून एवढं कळलं की हा माणूस बोलणी वर्षभर लांबवत नाही, दोन गोष्टी ठरवतो आणि करतो. विश्वास बसायला असं छोटं, पूर्ण केलेलं काम लागतं. मोठमोठी आश्वासनं तर आयझनरच्या काळातही होती.

मग ती मीटिंग, जी मला सगळ्यात जास्त आवडते. अ‍ॅपलच्या बोर्डरूममधे लांबलचक व्हाइटबोर्ड, जॉब्जच्या हातात मार्कर, एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. तोट्यांची यादी सरसर वाढत गेली. त्यात एक मुद्दा असा की डिस्नेची संस्कृती पिक्सारला मारून टाकेल. हे डिस्नेच्या सीईओसमोर लिहिलं जातंय, आणि तो ते खोडायला सांगत नाहीये. फायद्यांच्या बाजूला मोजकेच मुद्दे. आयगरला वाटलं संपलं, आणि जॉब्ज म्हणाला की थोडे पण भक्कम फायदे ढीगभर तोट्यांना भारी असतात.

मी कितीतरी मीटिंगा बघितल्यात जिथे तोट्यांचा रकाना रिकामा ठेवायचा हा न सांगितलेला नियम असतो. कोणी काही बोललं की "निगेटिव्ह नको होऊस गं". मग ते सगळे तोटे मीटिंग संपल्यावर लिफ्टमधे, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर निघतात आणि तिथून ते कोणालाच सोडवता येत नाहीत. त्या बोर्डवर तो मुद्दा लिहिला गेला म्हणूनच पुढे करारात त्याची काळजी घेता आली. पिक्सारमधल्या काय काय गोष्टी बदलणार नाहीत याची यादीच केली, अगदी ईमेल पत्त्यांपासून. इमारतीवरची पाटी पिक्सारचीच राहिली.

२४ जानेवारी २००६ ला ७.४ अब्ज डॉलरला सौदा जाहीर झाला, सगळा शेअरमधे. जॉब्ज डिस्नेचा सगळ्यात मोठा व्यक्तिगत भागधारक झाला, सात टक्क्यांच्या आसपास, आणि बोर्डावर आला. ज्याच्याशी भांडण त्याला घरातच घेतलं. पिक्सारचे एड कॅटमल आणि जॉन लॅसेटर यांच्याकडे डिस्नेच्या अ‍ॅनिमेशनचीही सूत्रं दिली. पिक्सारचे पुढचे भाग पिक्सारशिवाय काढणारा तो स्टुडिओ बंद.

इथे सगळ्यांना वाटलं की आता डिस्नेच्या जुन्या अ‍ॅनिमेटर लोकांची सुट्टी होणार, नाहीतर दोन्ही स्टुडिओ एक करणार. कॅटमलने उलट केलं. दोन्ही वेगळे ठेवले आणि नियम घातला की एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही, अडचणीत आलात तरी माणसं उसनी घ्यायची नाहीत, आपलं आपण सोडवायचं. वरवर हे निष्ठुर वाटतं, सिनर्जी वगैरेच्या अगदी विरुद्ध. पण विचार करा, डिस्नेच्या मुलांना जर पिक्सारची मुलं येऊन वाचवून गेली असती तर ती कायमची धाकटी झाली असती. दिग्दर्शकांवर लक्ष ठेवणारा आणि नोट्स पाठवणारा जो मधला थर होता तो काढला. २०१० मधे 'टँगल्ड' आला, २०१३ मधे 'फ्रोझन', आणि ते बरंचसं त्याच स्टुडिओत टिकून राहिलेल्या लोकांनी केलं. सगळ्यांना एकत्र बसवणं म्हणजे एकोपा, हा समज मला इथेच पहिल्यांदा चुकीचा वाटायला लागला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हाच जॉन लॅसेटर २०१७ च्या शेवटी रजेवर गेला आणि २०१८ अखेर बाहेर पडला, बायकांना नको असलेल्या स्पर्शाच्या तक्रारींनंतर. म्हणजे ज्या काळात आपण बाहेरून बघून म्हणत होतो की काय सुंदर वातावरण, त्याच काळात तिथल्या काही बायकांना ते बोलायची सोय नव्हती. भांडण दिसत नाही याचा अर्थ दर वेळी भांडण मिटलंय असा नसतो, कधीकधी ज्याला भांडायचंय त्याला जागाच दिलेली नसते. या धंद्यातली बाई म्हणून मला हे डिस्नेच्या यशाच्या गोष्टीतून वगळता येणार नाही.

मार्व्हलचं थोडक्यात सांगते. २००९ मधे घेतली, चार अब्ज डॉलरला. तिथे न्यूयॉर्कमधले मार्व्हलचे प्रमुख आयझॅक पर्लमटर आणि लॉस एंजेलिसमधे सिनेमे बनवणारा केव्हिन फायगी यांच्यात खर्चावरून आणि निर्णयांवरून ओढाताण होती. २०१५ मधे आयगरने फायगीला थेट स्टुडिओप्रमुख अ‍ॅलन हॉर्नच्या हाताखाली आणलं आणि सिनेमांवर नोट्स देणारी न्यूयॉर्कची क्रिएटिव्ह कमिटी संपली. परत तेच, रिपोर्टिंगची एक रेघ हलवली. तीन वर्षांनी 'ब्लॅक पँथर' आला.

हे सगळं इतकं स्पष्ट असताना त्याच कंपनीने ते परत कसं विसरावं? फेब्रुवारी २०२० मधे बॉब चॅपेक सीईओ झाला, पाठोपाठ कोविड, पार्क बंद, थिएटर बंद, फक्त स्ट्रीमिंग चालू. ऑक्टोबरमधे त्याने रचना बदलली. सिनेमे-मालिका बनवणाऱ्यांनी फक्त बनवायचं, आणि ते कुठे दाखवायचं, थिएटरला की डिस्ने प्लसवर की टीव्हीवर, हे एक नवीन वितरण विभाग ठरवणार, नफ्यातोट्याचा हिशेबही त्याच्याकडे. कागदावर हे अगदी तर्काला धरून आहे आणि त्या वेळी मलाही वाचून वाटलेलं की बरोबर, कोणीतरी वरून बघायला हवंच. पण बनवणाऱ्यांच्या हातून बजेट गेलं, आपला सिनेमा कुठे लागणार हे ठरवायचा हक्क गेला, आणि जुनं स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग वेगळं नाव घेऊन परत आलं. जुलै २०२१ मधे अभिनेत्री स्कार्लेट जोहानसनने, डिस्नेने आपला सिनेमा थिएटरला आणि स्ट्रीमिंगवर एकाच दिवशी आणला म्हणून, केस केली, ती सप्टेंबरमधे मिटवली. ८ नोव्हेंबर २०२२ ला निकाल आले, एका तिमाहीत स्ट्रीमिंगचा तोटा दीड अब्ज डॉलरच्या घरात, आणि २० नोव्हेंबरला, रविवारी, चॅपेक बाहेर, आयगर परत. दुसऱ्याच दिवशी तो वितरण विभाग मोडायला काढला.

आयगरचं सगळं बरोबर असं मी म्हणत नाहीये. आपल्या मागे कोण, हा प्रश्न त्याने स्वतः वर्षानुवर्षं टाळला, निवृत्ती परत परत पुढे ढकलली, आणि आयझनरने वेल्सनंतर जी पोकळी ठेवली तशीच पोकळी त्यानेही ठेवली. आणि फेब्रुवारी २०२३ मधे जी नवी रचना आली तिच्याबरोबर ७,००० नोकऱ्या गेल्या. वरच्या मजल्यावरचा गोंधळ निस्तरताना खालच्या मजल्यावरची माणसं जातात, ज्यांनी तो गोंधळ घातलेलाच नसतो. आमच्या लाइनमधल्या कोणालाही हा आकडा नुसता आकडा म्हणून वाचता येत नाही.

याची झळ इथे मुंबईतही आली. स्टार इंडिया २०१९ मधे फॉक्सबरोबर डिस्नेकडे आलेली. वर अमेरिकेत ग्राहकांची संख्या महत्त्वाची की नफा, हे ठरत नव्हतं, आणि हॉटस्टारकडे ग्राहक करोडोंनी पण दर माणशी कमाई अगदी थोडी. जून २०२२ मधे आयपीएलचे टीव्ही हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले आणि डिजिटल हक्क कलर्सवाल्या व्हायकॉम१८ कडे गेले. ऑक्टोबर २०२२ मधे हॉटस्टारचे पैसे भरणारे ग्राहक ६.१३ कोटी होते, पुढच्या जुलैत ४.०४ कोटी. आणि नोव्हेंबर २०२४ मधे स्टार आणि व्हायकॉम१८ एकत्र होऊन जिओस्टार झाली, त्यात डिस्नेचा वाटा ३६.८४ टक्के.

त्यामुळे आता स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, म्हणजे आपली पूर्वीची ई टीव्ही मराठी, जे इतकी वर्षं एकमेकांचे स्लॉट बघून आपापल्या मालिका लावायचे, ते एका छपराखाली आहेत. दोन्हीकडे मालिका करणारी, लिहिणारी, प्रोमो कापणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि चांगली आहेत. मला त्यांच्याकडून सिनर्जीच्या गप्पा ऐकायच्या नाहीयेत, मला एवढंच जाणून घ्यायचंय की रात्री साडेआठला एका चॅनलची मालिका दुसऱ्या चॅनलच्या मालिकेला खायला लागली, की त्यातली कुठली हलवायची हे कोण ठरवणार, ती मालिका बनवणारी माणसं त्या खोलीत असणार का, आणि अ‍ॅपवाल्यांच्या आणि टीव्हीवाल्यांच्या केआरएमधे या वर्षी काय लिहिलंय.